सत्तरांत का तिसांत

आमच्या माजघरात दारामागं एक जाड खिळा आहे. वर्ष संपलं की आबा त्या वर्षाचं कालनिर्णय रद्दीत टाकत नाहीत, त्या खिळ्याला अडकवतात. २००३ पासूनची सगळी तिथं आहेत, कडा पिवळ्या पडलेली, खालून झुरळांनी कुरतडलेली. पानांवर दुधाचा हिशेब आहे, बागेच्या फवारण्या आहेत, भावकीतल्या लग्नांच्या तारखा आहेत. आणि लाल पेनानं चौकोन काढून आत लिहिलेला एकच शब्द आहे, ‘टाटा’.

मध्यंतरी घर रंगवायला काढलं तेव्हा ती सगळी खाली घेऊन मी सोप्यात बसले आणि एकेक चाळत गेले. २००४ मध्ये दर तीन आठवड्यांनी लाल चौकोन. २००५ आणि २००६ ला तीन-तीन महिन्यांनी. पुढं सहा महिन्यांनी. २०१० ला वर्षातून एकदा. मग २०११ ते २०१५, पाच वर्षं, कोरी. दूध आहे, फवारणी आहे, टाटा नाही. २०१६ च्या जूनपासून लाल चौकोन पुन्हा सुरू होतात.

माझ्या धाकट्या भावाचा आजार आणि त्याच्यानंतरचं आयुष्य त्या चौकोनांमधल्या अंतरांत आहे. मला लिहायचंय ते त्या कोऱ्या पाच वर्षांबद्दल. पण तिथवर पोचायला सुरुवातीपासूनच यावं लागेल.

२००३ चा पावसाळा. तासगावच्या अलीकडचं आमचं गाव, दोन एकर द्राक्षबाग. भाऊ नववीत, चौदा वर्षांचा, शाळेच्या कबड्डी संघात चढाईला सगळ्यात पुढं. डाव्या गुडघ्याच्या वर दुखायला लागलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मैदानावर पडला असेल. वाढीचं वय आहे. आईनं तेल चोळलं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग इंजेक्शन दिलं. शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडं तीन मंगळवार नेऊन चोळून घेतलं. चोळलं की सूज वाढायची, आणि हाडवैद्य म्हणायचा, आतलं बाहेर येतंय. रात्री दीड-दोनला भाऊ उठून बसायचा, गुडघा दोन्ही हातांत धरून. दिवसभर खेळून दुखणं वेगळं आणि अंथरुणावर पडल्या-पडल्या रात्री ठणका मारणं वेगळं, एवढंच जर आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं. आज शाळेत एखादं पोर गुडघा धरून बसलेलं दिसलं की मी पहिलं विचारते, रात्री दुखतं का रे? महिना होऊन गेला का? मग त्याच्या आईला बोलावून सांगते, चोळू नका, एक एक्सरे काढून घ्या. दहातल्या दहा वेळा काही निघालेलं नाही. तरी मी सांगते.

ऑक्टोबरात, फळछाटणीची घाई चालू असताना, आबांनी त्याला सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्सरे खिडकीच्या उजेडाला धरला. मांडीचं हाड गुडघ्याशी जिथं रुंद होतं तिथं त्याची कड सुटली होती, आणि बाहेर मांसात बारीक रेषा पसरल्या होत्या, लहान मुलं सूर्य काढतात तशा. त्या डॉक्टरांनी एक गोष्ट फार मोठी केली. ते म्हणाले, इथं कुणालाही सुई टोचू देऊ नका, कापू देऊ नका. तुकडा काढायचा तोही जे पुढं ऑपरेशन करणार आहेत त्यांनीच काढायचा. आज रात्रीच्या महालक्ष्मीनं टाटाला जा. चुकीच्या जागी केलेल्या बायोप्सीमुळं वाचणारा पायसुद्धा कापावा लागू शकतो, हे आम्हाला कितीतरी नंतर कळलं. भावाचा पाय आज आहे त्याचं पहिलं श्रेय मी त्या दहा मिनिटांना देते.

पहाटे दादरला उतरलो. गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. टाटाला येणाऱ्या गोरगरिबांचं ते घरच आहे, आमचंही नऊ महिने होतं. परळच्या त्या इमारतीत फाइल नंबर मिळाला की माणसाचं नाव मागं पडतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. तो नंबर आम्हाला आधारासारखा वाटला, की आता हे कुणाच्या तरी हातात आहे.

आजाराचं नाव ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या हाडात कॅन्सर सापडला तर तो बहुतेकदा दुसऱ्या अवयवातून तिथं उतरलेला असतो. हा तसा नाही, हा हाडातच जन्मतो. पोरं झपाझप उंच होतात त्या वयात, हाडाची जी टोकं सगळ्यात वेगानं वाढत असतात तिथं. म्हणून गुडघ्याभोवती जास्त, मग दंडाच्या वरच्या टोकाला. आणि पसरायचा झाला तर पहिली धाव फुप्फुसांकडं.

छातीचा सीटी झाला. त्या एका रिपोर्टवर सगळं होतं. फुप्फुसात आधीच गाठी असतील तर वाचण्याचा आकडा शंभरात वीस-तीसवर येतो, नसतील तर साठ-सत्तरपर्यंत जातो. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर आबांना समजावून सांगत होते, व्यवस्थित केमो आणि ऑपरेशन झालं तर पाच वर्षांनी शंभरातली साठ ते सत्तर मुलं असतात. आबा चौथी शिकलेले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, “आमचा सत्तरांत का तिसांत, सायेब?”

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, गणित घेऊन. मला आबांच्या त्या प्रश्नाची लाज वाटली. असं विचारतात का, आकडा गटाचा असतो, एकट्याचा नसतो, असं मला त्यांना सांगावंसं वाटलं. डॉक्टरांना मात्र लाज वाटली नाही. ते म्हणाले, “आज नाही सांगता येणार. ऑपरेशन झाल्यावर मला हाच प्रश्न पुन्हा विचारा. तेव्हा मी दुसरा आकडा सांगेन.”

त्या वाक्याचं मोल कळायला मला फार वर्षं लागली.

केमो तीन औषधांची होती. अड्रियामायसिन, त्याला वॉर्डात सगळे लाल औषध म्हणायचे, कारण ते खरंच जास्वंदीच्या रंगाचं असतं आणि लघवीही लाल करतं. सिस्प्लॅटिन. आणि आयफॉस्फामाइड. उलट्या, तोंड येणं, केस जाणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, पडले की खोलीबाहेर यायचं नाही, फळ सोलल्याशिवाय खायचं नाही. ज्याच्या घरी द्राक्षाची बाग तो पोरगा त्या हंगामात एक मणी खाऊ शकला नाही. आबांनी त्या वर्षी बाग व्यापाऱ्याला वेलीवरच देऊन टाकली. किती रुपयांना दिली ते त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आमच्या शेजारच्या खाटेवर सात वर्षांची एक मुलगी होती. तिचा गुडघा आजारासकट काढला होता आणि खालचा पाय उलटा फिरवून मांडीला जोडला होता, टाच पुढं, बोटं मागं. घोटा जिथं आला होता तोच तिचा गुडघा. घोटा हलवला की कृत्रिम पाय वाकायचा. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो. पंधरा दिवसांनी ती पोरगी वॉर्डात पळत होती. लहान वयात पोलादी सांधा बसवला तर वाढणाऱ्या हाडाशी त्याचं जमत नाही, आणि स्वतःच्या घोट्याचा गुडघा झिजत नाही, सैल होत नाही. भाऊ तिच्याकडं बघून म्हणाला, अक्का, ही माझ्या आधी मैदानावर जाईल.

जानेवारीत ऑपरेशन झालं. मांडीच्या हाडाचा खालचा भाग आणि गुडघा काढून धातूचा सांधा बसवला. परदेशातून आणायचा तर तो आमच्या आवाक्यातला नव्हता. टाटाच्या डॉक्टरांनी देशी बनावटीच्या सांध्यांसाठी वर्षानुवर्षं खटपट केली, त्यामुळं आमच्यासारख्यांच्या मुलांचे पाय राहिले. काढलेलं हाड पॅथॉलॉजीत जातं. तिथं ते कापून बघतात, की आधीच्या केमोनं आतल्या किती पेशी मेल्या. नव्वद टक्के किंवा जास्त मेल्या असतील तर पुढचं चित्र बरंच चांगलं असतं, त्याहून कमी असतील तर काळजी वाढते.

रिपोर्ट आला. चौऱ्याण्णव.

आबांनी पुन्हा टोपी काढली. डॉक्टर हसून म्हणाले, “आता विचारा.” आबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “आता आकडा वर गेला. अजून केमो बाकी आहे. दोन वर्षांनी परत विचारा.” आबा धर्मशाळेत येईपर्यंत प्रत्येकाला सांगत होते, पोराला चौऱ्याण्णव टक्के पडले.

आता मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. दहावीला संभाव्यता असते, फासे आणि पत्ते. पुढं वरच्या वर्गात एक गोष्ट शिकवतात, की एखादी घटना घडून गेलेली असेल तर नंतरची संभाव्यता नव्यानं मोजायची. जुना आकडा तसाच धरून बसायचं नाही. या आजारात परत उलटण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत. ती वर्षं ज्यानं पार केली त्याला पहिल्या दिवशीचा सत्तरचा आकडा लागूच होत नाही, तो जुना झाला. पाच वर्षं पार केलेल्यांतले बहुतेकजण पुढचीही वर्षं बघतात. उशिरा उलटतो तोही, पण क्वचित. आबांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हे मला आता दिसतं. तो फक्त पुन्हा पुन्हा विचारायचा प्रश्न होता. आणि घरच्या घरी माणसं बरोबर उलटं करतात. पहिल्या दिवशीचा आकडा मनात कोरून ठेवतात आणि दहा वर्षांनीही त्याच आकड्याला घाबरतात.

आकडा काळाबरोबरही बदलतो. कॅनडातला टेरी फॉक्स हा अठरा वर्षांचा मुलगा, बास्केटबॉल खेळणारा. १९७७ साली त्याचा उजवा पाय याच आजारानं गुडघ्याच्या वर कापला. त्याला सांगितलं, वाचण्याची शक्यता ५० टक्के आहे. आणि हेही सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी असतास तर १५ म्हणालो असतो. मधल्या दोन वर्षांच्या संशोधनाचा तो फरक होता, आणि त्या पोराच्या मनात तोच रुतला. संशोधनाला पैसे गोळा करायचे म्हणून १२ एप्रिल १९८० ला तो देशाच्या पूर्व टोकापासून कृत्रिम पायावर पळत निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बेजवळ छातीत कळ आली आणि तो थांबला. आजार फुप्फुसात गेला होता. २८ जून १९८१ ला तो गेला, तेविसाव्या वाढदिवसाला एक महिना राहिला होता.

त्याच्या आधी, १९७३ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतले सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या बारा वर्षांच्या मुलाचा, वडिलांचंच नाव लावणाऱ्या मुलाचा, उजवा पाय हाडाच्या कॅन्सरनंच कापला. मग बोस्टनमध्ये जवळजवळ दोन वर्षं त्याला मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध भल्यामोठ्या मात्रेत दिलं. तेव्हा तो प्रयोग होता. तो मुलगा जगला, वकील झाला, कनेक्टिकट राज्याच्या सिनेटवर निवडून गेला, आज साठीच्या पुढं आहे. एक आधीचा असून वाचला, एक नंतरचा असून गेला. मी हे दोघं एकमेकांशेजारी ठेवून खूपदा विचार केला आहे. पैसा होता म्हणून वाचला, असं म्हणून सुटता येत नाही, कारण पैसा असूनही या आजारानं गेलेली मुलं आम्ही टाटाच्या खासगी मजल्यावर पाहिली आहेत.

मेथोट्रेक्सेटचं मूळ शोधत गेलं की आपल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव भेटतात. अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चमूनं फॉलिक अॅसिडला अडवणारी जी औषधं तयार केली, त्यांतलंच हे एक. १९४८ साली ते वारले. बोस्टनच्या त्या पोरापर्यंत आपलं काम पोचलं हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. भावाला मात्र ते औषध मिळालं नाही. मोठ्या मात्रेत द्यायचं तर रक्तातली पातळी वारंवार मोजावी लागते, वेळेवर उतारा द्यावा लागतो, नाहीतर तेच जीवावर उठतं. आपल्याकडच्या गर्दीत आणि खर्चात ते बसत नाही, म्हणून इथल्या डॉक्टरांनी ते वगळून बाकीच्या औषधांची घट्ट बांधणी केली. आमचा चौऱ्याण्णव त्या बांधणीचा.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी काही डॉक्टर म्हणत होते, केमोनं खरंच फरक पडतो का? मग अमेरिकेत चाचणी झाली. ३६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले, एकाला ऑपरेशननंतर केमो, दुसऱ्याला नुसतं ऑपरेशन. १९८६ ला निकाल छापून आले. दोन वर्षांनी आजार न उलटलेले, नुसत्या ऑपरेशनच्या गटात १७ टक्के, केमोच्या गटात ६६. वादच मिटला. पण त्या १७ टक्क्यांच्या गटात चिठ्ठी निघालेली मुलं कुणाची तरी भावंडं होती. तो कागद वाचताना मला त्यांच्या घरच्यांची आठवण येते, ज्यांना मी कधी पाहिलं नाही.

आणि एक दुःखाची गोष्ट सांगायलाच हवी. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत तो आकडा फारसा हललेला नाही. १७ देशांनी मिळून सव्वादोन हजारांच्या वर रुग्णांची चाचणी केली. पेशी कमी मेलेल्यांना आणखी औषधं जोडून बघितली. २०१६ ला निकाल आला, फायदा नाही, त्रास मात्र वाढला. रक्ताच्या कॅन्सरची मुलं किती पुढं गेली. हाडाच्या कॅन्सरवाली पोरं १९८६ च्याच आसपास उभी आहेत. हा आजार मोजक्यांना होतो, म्हणून त्याच्यावर पैसा लावणारे मोजके. मला याचा राग येतो.

२००४ च्या जुलैत शेवटची केमो झाली. घरी आलो. भाऊ एक वर्ष मागं पडून दहावी झाला. पुढं कृषी पदविका केली, तासगावात कृषी सेवा केंद्र टाकलं. चौदाव्या वर्षी बसवलेला सांधा तेवढाच राहिला, उजवा पाय वाढत गेला, एका इंचाचा फरक पडला. कोल्हापूरचा एक चप्पलवाला त्याला डाव्या चपलेला कातड्याचे तीन थर जास्त लावून देतो. नव्या चपलांचा जोड शेजारी-शेजारी ठेवला तर एक चप्पल उंबऱ्यावर उभी असल्यासारखी दिसते. रस्त्यात कुणाला कळत नाही.

कळतं ते पंगतीत. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. २०१४ ला लग्न झालं तेव्हा पाटाऐवजी खुर्ची मांडली. होमाशी वाकून आहुती देताना आईनं पदर डोळ्याला लावला, आणि लोक म्हणाले, आनंदाचे अश्रू. त्याच्या आधी पाच स्थळं मोडली होती. आबांचा आग्रह, पहिल्याच बैठकीत सगळं सांगायचं, फाइलसकट. चार घरांनी पोहे खाऊन निरोप पाठवला नाही, पाचव्यानं स्पष्ट विचारलं, हमी देता का? वहिनीनं मात्र एकच विचारलं होतं, औषधं चालू आहेत का? तो म्हणाला, नाहीत. ती म्हणाली, मग झालं.

आरोग्य विम्याच्या अर्जातला ‘पूर्वी कॅन्सर झाला होता का’ हा रकाना मात्र अजून पोहे खाऊन निरोप न पाठवणाऱ्यांतलाच आहे. दोनदा अर्ज परत आला.

आता ती कोरी पाच वर्षं. २००९ च्या जुलैत उपचार संपून पाच वर्षं झाली. घरी सत्यनारायण घातला. आम्ही सगळ्यांनी ‘पाच वर्षं’ हा शब्द परीक्षेच्या निकालासारखा धरला होता. डॉक्टर कधी ‘बरा झाला’ म्हणाले नव्हते, ते म्हणायचे, आज आजार दिसत नाही. आम्ही त्यातला ‘आज’ ऐकलाच नाही. २०१० ला एकदा जाऊन आलो आणि मग सुटलं. दुकान नवं, मग लग्न. वर्षातून एकदा मुंबईला जाऊन पोराला पुन्हा त्या गर्दीत कशाला उभं करायचं, असं आई म्हणायची, आणि मीही मान डोलवायची. मी, गणित शिकलेली.

२०१६ च्या मे महिन्यात बागेतली तार त्याच्या डाव्या पोटरीत घुसली. जखम आठ दिवसांत सुकली. पुढच्या आठवड्यात थंडी वाजून ताप, आणि गुडघा लालभडक. जखमेतले जंतू रक्तातून धातूच्या सांध्यावर जाऊन बसले होते. तिथं औषध नीट पोचत नाही. जुना सांधा काढावा लागला, त्याजागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा घालून तीन महिने ठेवलं, मग नवा सांधा. हे आज ना उद्या व्हायचंच होतं, जंतूंनी नाहीतर झिजून. कुठलाच असा सांधा जन्माला पुरत नाही, बरेचजण दहा-पंधरा वर्षांत पुन्हा टेबलावर येतात. आम्हाला हे २००४ मध्ये सांगितलंही होतं. तेव्हा आम्हाला दहा वर्षं हा शब्दच ऐकू येत नव्हता.

त्या ऑपरेशनआधी भूल देणाऱ्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मागितला. लाल औषध हृदयाच्या स्नायूला जपून नाही राहत, आणि त्याची खूण दहा-वीस वर्षांनीही उमटते. हृदयाचं पंपिंग ४८ टक्क्यांवर आलं होतं, असायला हवं त्याहून कमी. डॉक्टरांनी विचारलं, जिना चढताना दम लागतो का? भाऊ म्हणाला, लागतो, पण पाय असा आहे म्हणून लागतो असं वाटायचं. वर्षाला एक इको झाला असता तर तीन-चार वर्षं आधी गोळ्या सुरू झाल्या असत्या. आता गोळ्या आहेत, आकडा सावरून बावन्नवर आहे. त्या कोऱ्या कालनिर्णयांकडं बघून मला जे होतं ते याच आकड्यामुळं.

तेव्हाच कळलं, की लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी टाटामध्ये १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, उपचार संपल्यानंतरच्या आयुष्याचं. हृदय, मूत्रपिंड, कान, शाळा, नोकरी, मूल होणं, सगळं बघतात. अशा मोठ्या झालेल्या मुलांचा ‘उगम’ नावाचा गटही आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीनं २००९ ला सुरू केलेला. भाऊ तिथं पहिल्यांदा गेला त्या दिवशी घरी फोन करून म्हणाला, अक्का, इथं सगळे माझ्यासारखे म्हातारे आहेत. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

कानाचं मात्र कुठल्या तपासणीत नाही, सोप्यात कळलं. २०१७ चा जुलै. दिवसभर पाऊस पडून गेलेला, लाइट गेलेली. आम्ही दोघं जोत्यावर बसलो होतो. बाहेर रातकिड्यांनी नुसता कल्लोळ मांडला होता, इतका की बोलताना आवाज चढवावा लागत होता. भाऊ अंधारात बघत म्हणाला, “अक्का, यंदा रातकिडे कमी झालेत का गं? औषधं मारून मारून संपवले आपण.”

मला काय बोलावं सुचेना. मी म्हणाले, हो, कमीच आहेत.

सिस्प्लॅटिन कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मारतं, आणि सुरुवात सगळ्यात वरच्या पट्टीपासून होते. माणसाचं बोलणं राहतं, वरचं जातं. रातकिडा वरच्या पट्टीत गातो. किती वर्षं भाऊ शांत रात्रींत बसला असेल आणि त्याला वाटलं असेल, शेतातली औषधं. दुसऱ्या दिवशी मी त्याला खरं सांगितलं. सांगलीत कानाची तपासणी केली, आलेख उजवीकडं कड्यासारखा कोसळलेला. डॉक्टर म्हणाले, हे परत येत नाही, पण मशीन लावून बोलणं सुधारेल. त्यानं अजून मशीन घेतलेलं नाही. त्याच्या लेकीनं, ती आता सात वर्षांची आहे, त्यावर तोड काढली आहे. पाऊस उघडला की ती त्याच्या तळव्यावर बोटं वाजवते, भराभर, आणि म्हणते, पप्पा, आता असं चाललंय.

गेल्या नोव्हेंबरात वर्षाच्या तपासणीला मीच त्याच्याबरोबर गेले होते. आबांना आता गाडीचा प्रवास झेपत नाही. त्यांनी निघताना एवढंच सांगितलं, डॉक्टरांना विचार. ते डॉक्टर कधीच निवृत्त झाले. मी हो म्हणाले.

ओपीडीबाहेर बाकावर शेजारी नांदेडकडची एक बाई होती, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरे, बाजूला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, डोक्याला रुमाल. दुसरी केमो झालेली. बाईनं मला विचारलं, तुमचं कोण? मी भावाकडं बोट केलं. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग अदबीनं म्हणाली, “किती वर्षं झाली, भाऊ?” तो म्हणाला, बावीस. तिनं ऐकलं नाही असं वाटून त्यानं पुन्हा सांगितलं, “बावीस.” तिनं ऐकलं होतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, बहुतेक मुलाचं वय अधिक बावीस.

भावानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि मुलाला टाके दाखवले, पहिल्या वेळचे, दुसऱ्या वेळचे. मुलगा वाकून बघत होता. जगण्याबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. त्यानं विचारलं, “काका, मांडी घालता येती का?”

“नाही येत.”

“मग जेवायला?”

“स्टूल घेतो. बुटकं एक करून घेतलंय सुताराकडून, पंगतीत बरोबर सगळ्यांच्या उंचीला बसतो.”

“गाडी?”

“चालवतो की. दुकानाला रोज तीच.”

मुलानं आईकडं बघितलं. आतून फाइल नंबर पुकारला. भावाला तो ऐकू आला नाही, मी त्याच्या खांद्याला हात लावला.